विमा खंडित झाला, हप्ता का वाढला?

प्रश्न : आजारपणामुळे कारच्या विम्याचे नूतनीकरण चार महिने राहून गेले. कधीही दावा केलेला नसताना कंपनीने हप्ता बराच वाढवला. हा दंड न्याय्य आहे काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ही वाढ दंड नसून गमावलेली सवलत आहे. दावा न केल्याबद्दल गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळणारी सूट, म्हणजेच 'नो क्लेम बोनस', पहिल्या वर्षी 20 टक्क्यांपासून पाच वर्षांत 50 टक्क्यांपर्यंत चढते. मात्र मुदत संपल्यापासून 90 दिवसांत नूतनीकरण न झाल्यास ती संपूर्ण जाते. त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा हप्ता केंद्र सरकार ठरवत असल्याने त्यावर खंडाचा परिणाम होत नाही. आजारपण आणि बेफिकिरी यांना एकच माप लावणारा हा नियम कठोर आहे, हे मान्य करावे लागते.

आपण अनेक कंपन्यांची दरपत्रके तपासावीत आणि गाडीची पाहणी करून घ्यावी; जुन्या सवलतीची खोटी माहिती देऊ नये, कारण त्यामुळे पुढे दावा अडचणीत येतो. आकारणी चुकीची वाटल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून, समाधान न झाल्यास विमा लोकपालांकडे विनाशुल्क दाद मागता येते. नवी पॉलिसी हाती येईपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नये.