संदकफूचा चढ सोपा, उतार अवघड

शंका : फोर बाय फोर घेऊन पुण्याहून दार्जिलिंगला निघालोय. तीच गाडी संदकफूच्या माथ्यापर्यंत नेता येईल का?

समाधान : गाडी चढेल हो, पण तिला सोडतील असं नाही. मानेभंजनच्या पुढे पर्यटकांना सहसा तिथल्या चालकांच्या संघटनेचीच गाडी करावी लागते. मला तरी हे पटतं. वाट जेमतेम ३१ किलोमीटरची, पण अरुंद. समोरून गाडी आली तर कुणी कुठवर मागे घ्यायचं, हे रोज जाणाऱ्यालाच ठाऊक. १९५० च्या दशकातल्या लँड रोव्हर तिथे अजून दिसतात, मात्र आता बरीचशी ने-आण बोलेरो करतात. मध्य जून ते मध्य सप्टेंबर सिंगलीला उद्यान बंद असतं, तेवढं टाळा.

शंका : उतरताना ड्रायव्हरदादांनी कालिपोखरीपर्यंत लो रेंज, पहिला गिअर सोडला नाही. चालणारे ट्रेकर आमच्या पुढे गेले! इतकं जपायची गरज होती?

समाधान : होती. बक्षिसी हात आखडून दिली असेल, तर वाईट केलंत. माथा ते कालिपोखरी या ६ किलोमीटरमध्ये उंचीत सुमारे साडेचारशे मीटरचा फरक आहे. सतत ब्रेक दाबून उतरलात तर ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि ऐन वळणावर ते लागेनासे होतात. लो रेंजमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक लागेल तेवढाच. दुसरं कारण सुट्या दगडांचं. ब्रेकने चाक जाम झालं की गाडी घसरते आणि स्टिअरिंग फिरवूनही वळत नाही. फिरतं चाक मात्र वळवाल तिकडे जातं. क्लचला पाय लावायचा नाही, दाबला की इंजिनची पकड गेली. दादा दगड टाळण्याऐवजी मुद्दाम त्यावर चाक चढवत होते ना? मोठा दगड दोन चाकांच्या मधून काढायला गेलं, तर डिफरन्शियल आपटतो. गाडी तिथेच बसते.

शंका : माथ्यावर रात्रभर डोकं दुखलं. गाडीतला धूर बाधला असेल का?

समाधान : उंचीची शक्यता जास्त. ३,६३६ मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतो. जुनी, बिनटर्बोची इंजिनंही तिथे धापा टाकतात. सिलिगुडीहून एका दिवसात माथा गाठू नका, तुमलिंगला मुक्काम करा. डोकेदुखीसोबत उलट्या होऊ लागल्या किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर कांचनजंगेवरच्या सूर्योदयासाठी थांबू नका. लगेच खाली उतरा.