पहिल्या पिढीची नोकरी

मीरा रोडहून सकाळची लोकल धरून कचेरीत जाणाऱ्या आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांच्या घरात नोकरीचे रीतिरिवाज सांगणारे कोणी नाही. पदवीने दार उघडते. आतले अलिखित नियम ज्याचे त्यालाच शिकावे लागतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1917 साली बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. कोलंबियाचे शिक्षण पाठीशी असूनही शिपाई त्यांच्याकडे कागद दुरून फेकीत. राहावयास जागा मिळेना. 1918 मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. तेथेही पाण्याच्या भांड्यावरून काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. परंतु त्यांची व्याख्याने ऐकण्यास इतर कॉलेजांचे विद्यार्थीही येऊ लागले. पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांचे व मित्राचे साहाय्य घेऊन 1920 साली ते अपुरे शिक्षण पुरे करण्यास लंडनला गेले.

यातून बोध घ्यावा. नेमणूकपत्र पूर्ण वाचूनच सही करावी. महत्त्वाच्या तोंडी सूचनेची ईमेलने नोंद ठेवावी. नोकरी बदलली तरी भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन क्रमांक तोच ठेवावा. अपमान झाल्यास तारीखवार टिपण करून लेखी तक्रार द्यावी. न समजलेले विचारण्यात कमीपणा मानू नये. कचेरीत एक तरी कल्याणमित्र जोडावा आणि मागून येणाऱ्या धाकट्यांचे कल्याणमित्र आपण व्हावे.