‘आदित्य’ पंधरा लक्ष किलोमीटरवरच का थांबला?



स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या कोणाचीही वही उघडून पाहा. ‘चालू घडामोडी’ या मथळ्याखाली असे टाचण हमखास सापडेल: आदित्य-एल१, २ सप्टेंबर २०२३, श्रीहरिकोटा, प्रक्षेपक पीएसएलव्ही-सी५७, उपकरणे सात, अंतर १५ लक्ष कि.मी.; ६ जानेवारी २०२४ रोजी नियोजित कक्षेत प्रवेश. यातील एकही नोंद चुकीची नाही. पण हे यान पंधरा लक्ष किलोमीटरवरच का थांबले? दहा किंवा वीस लक्ष किलोमीटरवर का नाही? या प्रश्नाचे उत्तर त्या वहीत बहुधा नसते.

ते माझ्या वहीतही चुकीचेच होते, हे आधी सांगून टाकतो.

आमच्या महाविद्यालयात स्पर्धा परीक्षांना बसणाऱ्या मुलांसाठी मी सामान्य विज्ञानाचा वर्ग घेतो. तेथे मी सांगून मोकळा झालो होतो, की ‘‘एल-१ म्हणजे सूर्याचे आणि पृथ्वीचे आकर्षण जिथे सारखे होते, तो बिंदू.’’ वाक्य सुटसुटीत होते आणि मुलांनी ते लिहून घेतले. काही दिवसांनी एक विद्यार्थिनी सराव प्रश्नपत्रिका घेऊन आली. तीत नेमके हेच विधान होते. तिने ‘योग्य’ असे उत्तर दिले होते आणि उत्तरसूचीप्रमाणे तिला गुणही मिळाला होता.

‘‘सर, गुण मिळाला, पण गणित जुळत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘यान चंद्राच्याही अलीकडे येतंय!’’

तिने केलेले गणित नववी-दहावीच्या मुलांनाही जमेल. सूर्याचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ३,३३,००० पट आहे. आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. तेव्हा दोन्ही आकर्षणे समान व्हायची, तर त्या बिंदूचे सूर्यापासूनचे अंतर हे पृथ्वीपासूनच्या अंतराच्या √३,३३,०००, म्हणजे सुमारे ५७७ पट हवे. सूर्य आणि पृथ्वी यांमधील १५ कोटी किलोमीटरचे ५७८ भाग केले, तर एक भाग सुमारे २ लक्ष ६० हजार किलोमीटर येतो. चंद्र तर सरासरी ३ लक्ष ८४ हजार किलोमीटरवर आहे. म्हणजे समान आकर्षणाचा बिंदू चंद्राच्या अलीकडे पडतो आणि ‘आदित्य’ त्याच्या जवळजवळ सहापट दूर आहे!

मग चूक कोठे झाली? आम्ही सूर्य आणि पृथ्वी स्थिर आहेत असे धरून चाललो होतो. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याभोवती फिरते, आणि तिच्याबरोबर यानालाही फिरावे लागते. नुसती आकर्षणे समान होऊन भागत नाही. यान आणि पृथ्वी यांची एक फेरी एकाच वेळात, म्हणजे एका वर्षात, पुरी झाली पाहिजे.

येथे केप्लरचा तिसरा नियम आठवा. सूर्याच्या जितके जवळ, तितका परिभ्रमणकाळ कमी. पृथ्वीपेक्षा एक टक्का जवळ असलेली वस्तू केवळ सूर्याच्या आकर्षणाखाली फिरली, तर तिची फेरी सुमारे ३६० दिवसांतच संपेल. दर फेरीला ती पाच-साडेपाच दिवसांनी पृथ्वीच्या पुढे जाईल. हे टाळण्यासाठी सूर्याची ओढ थोडी कमी व्हायला हवी. ते काम पृथ्वी करते. ती यानाला उलट दिशेने, म्हणजे आपल्याकडे, ओढते.

ही ओढ नेमकी पुरेशी आहे का, ते पडताळून पाहू. सूर्य पृथ्वीवरील एक किलोग्रॅम वस्तुमानाला जितका ओढतो, त्या ओढीला १ हे एकक मानू.

एल-१ हा सूर्यापासून ०.९९ अंतरावर आहे. म्हणून तेथे सूर्याची ओढ १ ÷ (०.९९)², म्हणजे १.०२.

तेथून पृथ्वी ०.०१ अंतरावर आहे. म्हणून पृथ्वीची ओढ (१ ÷ ३,३३,०००) × १००², म्हणजे ०.०३.

उरलेली ओढ १.०२ − ०.०३ = ०.९९.

आता ०.९९ त्रिज्येच्या वर्तुळात वर्षाला एक फेरी मारण्यासाठी किती अभिकेंद्री बल लागते? परिभ्रमणकाळ तोच असेल, तर हे बल त्रिज्येच्या समप्रमाणात असते. म्हणजे तेही ०.९९! हिशेब चोख जुळला. एल-१पाशी सूर्याची ओढ पृथ्वीच्या ओढीच्या सुमारे ३४ पट असते. ती समान मुळीच नसते.

हे अंतर तोंडी काढण्याचीही एक युक्ती आहे. वस्तुमानांच्या गुणोत्तराची तिप्पट करा: ३ × ३,३३,००० म्हणजे जवळजवळ १० लक्ष. त्याचे घनमूळ १००. सूर्य-पृथ्वी अंतराला शंभराने भागा. १५ कोटींचे झाले १५ लक्ष! अकरावीच्या विद्यार्थ्यांनी वरच्या समीकरणावरून हे सूत्र स्वतः काढून पाहावे.

अशा पाच जागा आहेत. सूर्य व पृथ्वी यांना जोडणाऱ्या रेषेवरील तीन ऑयलरने दाखविल्या, तर उरलेल्या दोन लाग्रांज या गणितज्ञाने १७७२ सालच्या निबंधात मांडल्या.

एल-१ची जागा घाटातल्या खिंडीसारखी आहे. तेथे ठेवलेली वस्तू जराशी सरकली, तरी उतारावरून घरंगळत जाते. शिवाय यान नेमके त्या बिंदूवर असते, तर पृथ्वीवरून पाहताना त्याच्या पाठीमागे सूर्य आला असता आणि सूर्याच्या रेडिओ लहरींच्या गोंगाटात यानाचे संदेश बुडाले असते. म्हणून ‘आदित्य’ एल-१भोवती विस्तृत कक्षेत फिरतो आणि अधूनमधून इंजिन चालवून ती कक्षा सावरावी लागते. अशी पहिली फेरी २ जुलै २०२४ रोजी, सुमारे १७८ दिवसांनी, पुरी झाली.

इतका खटाटोप कशासाठी? येथून सूर्य अखंड दिसतो; पृथ्वी किंवा चंद्र आड येत नाही. पुण्याच्या ‘आयुका’ने इस्रोच्या सहकार्याने तयार केलेली दुर्बीण तेथून अतिनील किरणांत सूर्याची चित्रे घेते. सौरवाऱ्याचे कण एल-१ ओलांडून पृथ्वीकडे येतात. त्यांचा वेग सेकंदाला ४०० किलोमीटर धरला, तर उरलेल्या पंधरा लक्ष किलोमीटरला त्यांना तासाभराहून थोडा अधिक वेळ लागतो. यानाचा रेडिओ संदेश मात्र पाच सेकंदांत पोहोचतो. मे २०२४ मध्ये तीव्र सौरवादळ आले, तेव्हा लडाखमधील हानले येथूनही आकाशात तांबडी आभा दिसली होती. अशा वादळांनी उपग्रह व वीजवाहक जाळी यांना धोका पोहोचतो. तेव्हा तासाभराची आगाऊ सूचना मोलाची ठरते.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत ‘पुढील विधाने विचारात घ्या’ अशा धर्तीचे प्रश्न असतात, आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा एकतृतीयांश भाग वजा होतो. तारीख विसरली, तर ती आठवण्याला दुसरा मार्ग नाही. पण कारण समजले असेल, तर विधान खरे की खोटे हे कोऱ्या कागदावर चार ओळींत ठरविता येते. म्हणून प्रत्येक वैज्ञानिक घडामोडीपुढे ‘कोणी, केव्हा, कोठे’ याबरोबर ‘तेथेच का?’ हा रकानाही आखा.

पुढच्या तासाला मी वर्गात माझी चूक दुरुस्त केली. पण त्याआधीची मुले वह्या घेऊन परीक्षेला निघून गेली होती. त्यांच्यातील कोणाच्या हाती हा अंक पडला, तर त्यांनी ते वाक्य खोडावे.

स्वाध्याय

१. पृथ्वीचे वस्तुमान चंद्राच्या ८१ पट आहे. दोघांचे आकर्षण समान होणारा बिंदू पृथ्वीपासून किती दूर असेल?

२. सूर्याचे वस्तुमान मंगळाच्या सुमारे ३१ लक्ष पट आणि त्यांमधील अंतर सुमारे २२.८ कोटी कि.मी. आहे. मंगळाचा एल-१ बिंदू मंगळापासून किती दूर असेल?

३. चंद्रावर पृथ्वीपेक्षा सूर्याची ओढ अधिक आहे. तरी तो पृथ्वीला सोडून का जात नाही? (उत्तर लिहिण्यापूर्वी, सूर्य पृथ्वीलाही ओढतो आहे, हे विसरू नका.)