विंडोजकडून लिनक्सकडे : पहिला धडा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित पाठबळ संपले. अनेक जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत; पण म्हणून ते भंगारात काढणे योग्य नव्हे. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरील एखाद्या विद्यार्थ्यासाठी असा जुना संगणकच पहिला संगणक ठरू शकतो. लिनक्स त्याला नवे आयुष्य देते.

१९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. त्याची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता व वाटता येते.

विंडोजची सवय असलेला मनुष्य येथे प्रथम ‘सी ड्राइव्ह’ शोधतो, तो नसतो. सर्व फोल्डर एकाच मुळातून फुटतात आणि पेन ड्राइव्हही त्याच वृक्षाची फांदी होतो. टर्मिनलमध्ये पासवर्ड लिहिताना पडद्यावर अनेकदा काहीच उमटत नाही. तो बिघाड नव्हे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधील मराठी मजकूर मात्र अगम्य दिसू शकतो. म्हणून तो आधीच युनिकोडमध्ये आणावा.

मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतूनही ऐकता येतात.

कोणी सांगितले म्हणून न स्वीकारता स्वतः पारखून घ्या, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. हा लेखही तसाच पारखावा. आपल्या फाइलींची प्रत काढून ठेवावी, पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून पाहावे आणि पटल्यावरच ते संगणकात कायमचे बसवावे.