गहू सोसत नाही तेव्हा

गव्हाची कणीक मळली की ती ताणली जाते. म्हणून पोळी पातळ लाटता येते. ज्वारीचे पीठ असे ताणत नाही. त्याला गरम पाणी लागते आणि भाकरी हाताने थापावी लागते. असे का? गव्हात ग्लूटेन नावाचा चिवट पदार्थ असतो. तो जवातही असतो. ज्वारीत नसतो.

बहुतेकांना ग्लूटेन सोसते. थोड्यांना सोसत नाही. त्या आजाराचे नाव सिलिअक. आपल्या लहान आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते. ती अन्नाचा कस शोषून घेते. या आजारात ग्लूटेन पोटात गेले की शरीर आपल्याच आतड्यावर उलटते. लव झिजून सपाट होते. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. जुलाब होतात, पोट फुगते, रक्त कमी होते. मुलांची वाढ खुंटते.

हॉलंडात विलेम डिके नावाचे मुलांचे डॉक्टर होते. त्यांना गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे तेथे पाव मिळेना. लोक उपाशी राहिले, पण ही आजारी मुले सुधारू लागली! पाव परत आला, तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५० साली डिके यांनी प्रबंध लिहून गव्हाचा दोष दाखवून दिला.

उपाय एकच. गहू आणि जव जन्मभर बंद. पण आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. गहू आधीच सोडला, तर तपासणीत आजार सापडेलच असे नाही.

गहू सोडल्यावर पहिले काही दिवस जड जातात. कोणाचे डोके दुखते, कोणाला थकवा येतो, कोणी चिडचिड करतो. पोट साफ होत नाही. मग माणूस म्हणतो, "यापेक्षा गहूच बरा होता!" येथेच धीर धरायचा. जेवण बदलले की असे होऊ शकते. बहुधा ते लवकरच ओसरते. उपाशी राहू नका. ज्वारी, बाजरी, नाचणीची भाकरी, भात, डाळ, पालेभाजी पोटभर खा. पाणी भरपूर प्या. त्रास थांबला नाही, तर डॉक्टरांना दाखवा. आतड्याची लव हळूहळू भरते. त्याला कित्येक महिने लागतात, मोठ्या माणसांना कधी वर्षाहूनही अधिक.

घरच्यांनीही साथ द्यावी. "एका घासानं काय होतंय?" असा आग्रह करू नये. एक घासही आतड्याला बाधतो. गिरणीत गव्हावर ज्वारी दळली, तर तिच्यात गव्हाचे पीठ येते. म्हणून दळण वेगळे ठेवा. पोळपाट आणि तवाही वेगळा ठेवा. रवा, मैदा, शेवया, पाव म्हणजे गहूच. डबीतल्या हिंगातही पुष्कळदा गव्हाचे पीठ असते.

मग ओळखायचे कसे? डबीवर बारीक अक्षरात लिहिलेले असते. ती अक्षरे आता तुम्हाला वाचता येतात. दुकानातच वाचा आणि मग पैसे द्या.

प्रश्न
१. ज्वारीची भाकरी लाटत का नाहीत?
२. तपासणीच्या आधी गहू का सोडू नये?
३. घरातल्या तीन डब्यांवरचा मजकूर वाचा. कशात गहू आहे ते लिहा.