आधी प्रिंट निघाली पाहिजे

१४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे सुरक्षा-अपडेट बंद झाले. तेव्हापासून तेलंगणात, आदिलाबाद जिल्ह्यातल्या आमच्या बोथला कुणी ना कुणी जुना लॅपटॉप कापडी पिशवीत घालून आणतं आणि विचारतं, "भाऊ, याचं आता काय करायचं?" इंटेलच्या आठव्या पिढीआधीचं मशीन असेल तर विंडोज ११ त्याला अधिकृतपणे घेत नाही, पण मशीन तर धडधाकट असतं. अशा वेळी आमच्यासारख्या लिनक्सवाल्यांच्या अंगात येतं. पहिलं वाक्य निघतं, "कंपन्या तुमच्यावर पाळत ठेवतात." दुसरं निघतं, "सगळं फॉरमॅट मारू." इथंच माणूस हातचा जातो. नवख्याला ज्यांना मुक्त सॉफ्टवेअरकडे आणायचं असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी लिहितो. त्यातल्या बऱ्याचशा मी चुकून शिकलो.

काय करावे

नवखा झेरॉक्सवाला असेल तर त्याच्या दुकानात अर्धा तास नुसतं बसा. इथल्या झेरॉक्सवाल्याचं काम एका भाषेत भागत नाही. अर्ज तेलुगूत, लग्नपत्रिका मराठीत, किनवटच्या सोयऱ्याने पाठवलेला महाराष्ट्राचा नमुना वेगळाच आणि मधेच कुणाचा पासपोर्ट फोटो. ही कामं कागदावर लिहून काढा. यादीत प्रिंटर सगळ्यात शेवटी येतो आणि घात तिथंच होतो. एकदा मी एका दुकानात झोकात लिनक्स बसवून दिलं. पडदा सुंदर, वेग दुप्पट. पहिलं गिऱ्हाईक आलं, आणि जुना लेझर प्रिंटर ढिम्म. रांगेत पाच माणसं उभी. मालक काही बोलला नाही, माझ्याकडे बघितलं आणि माझ्यासाठी चहा सांगितला. तो चहा अजून घशाखाली उतरलेला नाही.

म्हणून आता आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट चालवून बघतो. हार्ड डिस्कला हात न लावता ते चालतं, ४ जीबी रॅम असली तर फार कुरकुरतही नाही. तिथूनच एक पान छापायचं, स्कॅनर लावायचा, अंगठ्याचं यंत्र लावायचं. पान निघालं तरच पुढचं बोलणं. नाही निघालं तर छपाईपुरतं विंडोज राहू द्या, त्यात कमीपणा नाही.

प्रोग्राम आधी बदला, लिनक्स नंतर. चालू विंडोजवरच फायरफॉक्स, लिब्रेऑफिस आणि व्हीएलसी टाकून द्या. फायरफॉक्सला युब्लॉक ओरिजिन जोडा. फॉर्म उतरवताना भोवती नाचणारी 'डाउनलोड'ची खोटी हिरवी बटणं नाहीशी होतात. पाळत गेली हे माणसाला दिसत नाही, जाहिराती गेल्या हे दिसतं. दोन महिन्यांनी लिनक्स आलं की हेच तीन प्रोग्राम तिथंही ओळखीचे भेटतात.

पत्रिकेच्या जुन्या फायली युनिकोडमध्ये आणा. मराठी डीटीपीचं खरं ओझं हे आहे. जुन्या फॉन्टांत संगणकाच्या लेखी अक्षर रोमनच असतं, फॉन्ट त्याला फक्त देवनागरीचा सदरा घालतो. फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की सदरा उतरतो आणि 'चि. सौ. कां.'च्या जागी रोमन अक्षरांचा भुसा उरतो. रूपांतर करून देणारी साधनं आहेत, पण नंतर डोळ्यांत तेल घालून वाचा. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास जागा सोडतात. नवऱ्या मुलाच्या आजोबांच्या नावातला रफार पुढच्या अक्षरावर गेला तर तुमचं मुक्त सॉफ्टवेअर गावभर बदनाम. मूळ फायली जपून ठेवा.

नव्या पत्रिकेला फॉन्ट हवा असेल तर मुंबईच्या एक टाइपचा बालू दाखवा. मराठीसाठी देवनागरीत आहे आणि त्याचा तेलुगू भाऊ 'तम्मुडू' (म्हणजे धाकटा भाऊ) नावाचाच आहे. दोन्ही मुक्त परवान्याचे, दोन्हीची ठेवण एक. दोन भाषांच्या पत्रिकेला बोथमध्ये याहून बरं काय मिळणार?

इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकवा. सुरुवातीला बोटं अडतात, माणूस वैतागतो. पण इंग्रजी के दाबल्यावर मराठीत क उमटतो आणि भाषा बदलून तेलुगू केली तरी त्याच बटणावर तेलुगू क. एकदा हात बसला की दोन्ही भाषांचं टायपिंग येतं. हे सांगितल्यावर कुरकुर निम्मी होते.

डाउनलोड्स फोल्डर उघडून दाखवा. गिऱ्हाईक दुकानाच्या नंबरवर व्हॉट्सॲपने आधार कार्ड पाठवतं, छापून घेतं आणि निघून जातं. कार्ड तिथंच राहतं. वर्षभराची आधार कार्डं, बँकेची पासबुकं, पोरींचे फोटो, सगळं एका क्लिकवर. लिनक्स टाकल्याने यातलं काहीही आपोआप सुधारत नाही. रोज शटर ओढण्याआधी फोल्डर आणि रिसायकल बिन रिकामं करायची सवय लावा, आणि गिऱ्हाइकाला शक्य तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारं झाकलेलं आधार वापरायला सांगा. माझ्या मते अख्ख्या यादीत खासगीपणाचं सगळ्यात मोठं काम हेच आहे, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

काय टाळावे

'फुकट' म्हणू नका. फुकट म्हटलं की समोरचा विचारणारच, "मंग यात खोट काय?" इंग्रजीत एकाच शब्दाने फुकट आणि मुक्त दोन्ही अर्थ निघतात. १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमनचा जन्म तो फरक समजावण्यात गेला. आपल्याकडे दोन शब्द तयार आहेत, ते वापरा. मुक्त म्हणजे काय हे सांगायला लांबही जायला नको. आपल्याच जिल्ह्यात, नारनूर मंडलातल्या गुंजाला गावी सापडलेली गोंडी लिपी २०१८ साली युनिकोडमध्ये आली. तिचा नोटो फॉन्ट मुक्त परवान्याचा आहे. एखाद्या शाळेतल्या सरांनी तो पेनड्राइव्हवर घेऊन दहा जणांना वाटला तर कुणाला विचारावं लागत नाही. (फॉन्ट काढला गुगलने. ज्या कंपनीपासून लांब पळायचं तिचीच देणगी. असो.)

त्यांचा फोन आपल्या हातात घेऊ नका. खासगीपणा शिकवणाऱ्यापासूनही खासगीपणा हवाच. फोन त्यांच्या हातात, बोट त्यांचं, आपण फक्त सांगायचं. पासवर्ड टाकताना मान वळवा. काकू म्हणतील, "तूच टाक रे बाबा, आमचा पासवर्ड अमुक अमुक." कान बंद करता येत नाहीत, पण तो पासवर्ड त्याच दिवशी बदलायला लावता येतो.

सगळ्या भावकीला सिग्नल ॲपवर ओढू नका. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपच्या नव्या अटींमुळे लोक लोंढ्याने सिग्नलवर गेले आणि तिथं मामा नाही, मावशी नाही म्हणून परत आले. दोघा-तिघांपासून सुरू करा. नवरा-बायको, नाहीतर बाप आणि हैदराबादला शिकणारी लेक. लग्नाचा ग्रुप आहे तिथंच राहील.

बोलून लिहिणाऱ्याचा कीबोर्ड काढून घेऊ नका. हेलीबोर्ड हा मुक्त कीबोर्ड चांगला आहे, मराठी-तेलुगू दोन्ही येतात आणि त्याला इंटरनेटची परवानगीच नसते. पण त्यात बोलून टाइप होत नाही. ज्या आजोबांना अक्षरं शोधता येत नाहीत त्यांना तो देणं म्हणजे काठी काढून घेणं.

फोनची मूळ सिस्टिम उपटू नका. बँकांची काही ॲप बदललेल्या फोनवर चालायला नकार देतात. कापसाचे पैसे ज्या फोनवर येतात त्याच्यावर प्रयोग नको.

भीती घालू नका, माणसाला आपल्या मर्जीने येऊ द्या. तेलुगू लिनक्ससाठी काम केलेल्या हैदराबादच्या संस्थेचं नाव 'स्वेच्छा' आहे. तेलुगूत त्याचा अर्थ स्वातंत्र्य, मराठीत आपखुशी. बोथमध्ये दोन्ही अर्थ कळतात, तेव्हा वेगळं सांगायला नको.

बसवून पसार होऊ नका. आठ दिवसांनी परत चक्कर मारा. दुकानदाराने पुन्हा विंडोज घातलेलं दिसलं तर तोंड वाकडं करू नका. फायरफॉक्स ठेवलाय का आणि डाउनलोड्स रिकामं आहे का, तेवढं बघा. चहा सांगितला तर प्या.