जुन्या वस्तूंची साक्ष

नागपूर शहरात कडबी चौकाजवळ मोतीबाग येथे नॅरोगेज रेल्वेचे एक संग्रहालय आहे. १४ डिसेंबर २००२ रोजी ते लोकांसाठी उघडण्यात आले. आत शिरताच वाफेचे जुने इंजिन आणि लहान डबे दृष्टीस पडतात व पाहणाऱ्यांची गर्दी साहजिकच त्यांच्याभोवती जमते. परंतु रेल्वेचा इतिहास केवळ इंजिनांनी घडविलेला नाही. रुळांची रुंदी, हातात मावणारा धातूचा गोळा, काचेचा कंदील, जाड कागदाचे तिकीट अशा साध्या वस्तूंनाही बरेच काही सांगावयाचे असते.

प्रथम रुळांची रुंदी पाहू गेल्यास नागपूरच्या वाहतुकीचे चार कालखंड डोळ्यांसमोर उभे राहतात. १८६७ साली मुंबईकडून आलेली रेल्वे नागपुरास पोहोचली. तिच्या दोन रुळांमध्ये १६७६ मिलिमीटर अंतर होते. हाच ब्रॉडगेज होय. त्यापूर्वी या भागातील कापूस बैलांच्या पाठीवरून व गाड्यांतून आठवडेच्या आठवडे प्रवास करीत असे. रेल्वे आली, आणि दहाच वर्षांनी, १८७७ मध्ये, जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. कापूस जवळ, कोळसा जवळ आणि माल नेण्यास रेल्वे, असा योग तेथे जुळून आला होता.

नागपूरहून पूर्वेस राजनांदगावकडे जाणारा मार्ग १८८० नंतरच्या काळात झाला, तो मात्र एक मीटर रुंदीचा. पुढे १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वे कंपनीने तो आपल्याकडे घेऊन रुंद केला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या वर्षांत मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडले. आडबाजूच्या मुलखात धान्य वेळेवर पोहोचवावयाचे, तर तेथे रेल्वे हवी, हे तेव्हा सर्वांना कळून चुकले. पण डोंगर, जंगल आणि थोडी वस्ती अशा प्रदेशात मोठा मार्ग बांधण्याचा खर्च परवडणारा नव्हता. यावर उपाय म्हणून ७६२ मिलिमीटर, म्हणजे अवघ्या अडीच फूट रुंदीचा नॅरोगेज पुढे आला. लहान रुळांवरील गाडी अवघड वळणे सहज घेते. तिला पूल व भराव लहान चालतात. नागपूर ते नागभीड हा असाच मार्ग १९०८ साली सुरू झाला. उमरेड, भिवापूर ही गावे त्यामुळे शहराशी जोडली गेली.

या स्वस्ताईची किंमतही होती. नॅरोगेजचा डबा ब्रॉडगेजच्या रुळांवर जाऊ शकत नाही. म्हणून दोन मार्ग जेथे एकत्र येत, तेथे हमालांना एका डब्यातील पोती उतरवून दुसऱ्या डब्यात भरावी लागत. अखेर मार्ग रुंद करण्यासाठी २०१९ मध्ये नागपूर-नागभीड नॅरोगेज बंद झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये नागपूर मेट्रो धावू लागली होती. तिच्या रुळांची रुंदी १४३५ मिलिमीटर. एकाच शहराने चार मापांचे रूळ पाहिले, ते असे.

आता त्या धातूच्या गोळ्याकडे वळू. एकेरी मार्गावर समोरासमोरून दोन गाड्या आल्या, तर शेकडो जीव धोक्यात येतात. हा धोका टाळण्यासाठी लगतच्या दोन स्थानकांत तारेने जोडलेली दोन यंत्रे ठेवीत. दोन्ही स्थानकप्रमुखांनी घंटेच्या खुणांनी संमती दिली, म्हणजे एका यंत्रातून एक गोळा बाहेर येई. त्यावर दोन्ही स्थानकांची नावे कोरलेली असत. तो गोळा हाती असल्यावाचून चालकाने गाडी हलवावयाची नाही, असा नियम होता. पहिला गोळा दोहोंपैकी एका यंत्रात परत पडेपर्यंत दुसरा गोळा कोणत्याही यंत्रातून निघत नसे. गाडी न थांबता जावयाची असेल, तर गोळा चामड्याच्या पिशवीत घालून ती पिशवी मोठ्या कड्याला अडकवीत, आणि धावत्या इंजिनावरील माणूस ते कडे हाताने झेली. गाढ झोपलेल्या प्रवाशाला याची वार्ताही नसे. पण त्याचे प्राण त्या गोळ्यावर अवलंबून असत.

हातकंदिलाचेही तसेच. आतील काच फिरविली की प्रकाशाचा रंग बदले. लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे पुढे चला. भर पावसात, अमावास्येच्या रात्री फलाटाच्या टोकाला कोणी तरी तो कंदील धरून उभा असे. त्याचे नाव कोणत्याही ग्रंथात नाही. परंतु कंदिलाच्या मुठीवर त्याच्या हाताची झीज उमटलेली असते.

जाड कागदाचे लहान तिकीट हे इंग्लंडमधील टॉमस एडमंडसन या रेल्वे-कर्मचाऱ्याने एकोणिसाव्या शतकात योजिले. आधीच छापलेले, क्रमांक घातलेले तिकीट यंत्रात दाबून तारीख उमटविली की काम झाले. असे जुने तिकीट लक्षपूर्वक वाचले, तर सारा काळ बोलू लागतो. त्यावर भाडे आण्यांत असेल, तर ते बहुधा १९५७ पूर्वीचे. कारण त्या वर्षी नवे पैसे आले. त्यावर ‘तिसरा वर्ग’ असे छापलेले असेल, तर तो वर्ग १९७४ मध्ये रद्द झाला, हे ध्यानात येते.

मेट्रोचा आजचा प्रवासी कार्ड दाखवून किंवा भ्रमणध्वनीवरील चौकोनी खूण यंत्रापुढे धरून आत जातो. प्रवास संपताच ती खूण निरुपयोगी होते. सोय मोठी आहे, यात संशय नाही. पण उद्याच्या संग्रहालयात मांडावयास तिचे काय उरेल? म्हणूनच जी वस्तू आज क्षुल्लक वाटते, ती टाकून देण्यापूर्वी क्षणभर विचार करावा. घरातील जुन्या पेटीत आजोबांचे एखादे तिकीट सापडले, तर त्यामागे तारीख, गाव आणि प्रवासाचे कारण लिहून ते जपून ठेवावे. इतिहास जतन करण्याचे काम तेथूनच सुरू होते.

शब्दार्थ
भराव – मार्ग समतल करण्यासाठी घातलेली माती. आडबाजू – मुख्य मार्गापासून दूरचा भाग. वार्ता – खबर. क्षुल्लक – फार लहान, बिनमहत्त्वाची.

स्वाध्याय
१. डोंगराळ भागात नॅरोगेज का पसंत करण्यात आला? त्याचा तोटा कोणता?
२. धातूच्या गोळ्यामुळे दोन गाड्यांची टक्कर कशी टळत असे?
३. तिकिटावरून काळ कसा ओळखता येतो?
४. घरातील एखादी जुनी वस्तू निवडा व तिच्याविषयी दहा ओळी लिहा.